मॅप बदलला, कागद कुठाय?

भाच्यानं किल्ली हातावर ठेवली आणि म्हणाला, "मामा, कात्रजच्या जुन्या घाटात एकदा चालवून बघ. वेगळीच गाडी वाटेल." वाटली खरी. जिथं दुसऱ्या गिअरवर ती कण्हत चढायची, तिथं पाठ सीटला चिकटली. मजा आली, हे लपवत नाही.

"खर्च किती?"

"पंचवीस हजार. दीड तासात काम."

"आणि वॉरंटी?"

"त्यांना कळत नाही रे. सर्व्हिसला द्यायच्या आधी जुनी फाइल परत टाकून देतात."

माझं भांडण त्या शेवटच्या वाक्याशी आहे.

पुढच्या रविवारी मी त्याच्याबरोबर त्या गॅरेजात जाऊन बसलो. एक हॅचबॅक उभी होती. स्टीअरिंगच्या खाली, गुडघ्याजवळ, एक सॉकेट असतं. पोरानं त्यात केबल खोचली, दुसरं टोक लॅपटॉपला. बॉनेट उघडून बॅटरीला चार्जर लावला, कारण फाइल चढत असताना व्होल्टेज पडलं तर ईसीयू, म्हणजे इंजिनाचा मेंदू, जागच्या जागी मरतो. आधी गाडीतला मूळ मॅप, म्हणजे इंजिन कसं चालवायचं याचे ईसीयूतले आकडे, उतरवून घेतला. तो नेटवरून कुणाला तरी गेला, चहा होईपर्यंत बदलून परत आला आणि गाडीत चढला. टर्बोचा दाब वाढला, डिझेल वाढलं, इंजेक्शनची वेळ सरकली, टॉर्कवर कंपनीनं घातलेली मर्यादा वर गेली. गाडीत एक स्क्रूसुद्धा नवा आला नाही. हा रिमॅप, बाजारातल्या भाषेत 'स्टेज वन'.

दुसरा प्रकार डब्याचा. ट्यूनिंग बॉक्स म्हणतात त्याला. तो कॉमन रेलच्या प्रेशर सेन्सरच्या वायरीत मधे बसतो आणि ईसीयूला खोटं सांगतो. रेलमध्ये दाब पुरेसा असतो, डबा कळवतो की कमी आहे. मग बिचारा ईसीयू पंपाला आणखी दाब द्यायला लावतो. सर्व्हिसच्या आदल्या रात्री डबा काढून घरच्या कपाटात ठेवायचा, अशी त्याची ख्याती. गाडीला खोटं सांगायचं, मग कंपनीला, आणि पुढे कधी तरी गाडी विकत घेणाऱ्याला.

ही जादा ताकद येते कुठून? कंपनीनं मागे ठेवलेल्या राखीव पुंजीतून. तुमची गाडी एप्रिलात सोलापुरात उन्हात उभी राहणार, टपावर सामान आणि आत सात माणसं घेऊन खंबाटकी घाट चढणार, कुठल्याशा पंपावरचं भेसळीचं डिझेल पिणार, सर्व्हिस दोन महिने उशिरा होणार, हे सगळं धरून इंजिन बसवणारा माणूस थोडी ताकद हात राखून देतो. ट्यूनर ती राखीव खर्चून तुम्हाला देतो. त्यात चोरी नाही, गाडी तुमची आहे. पण खर्चलेली पुंजी शिल्लक आहे असं सांगू नये.

"इंजिन तेच असतं काका, कंपनीनं मुद्दाम दाबून ठेवलेलं असतं," हे वाक्य पुण्यात मी किमान वीस वेळा ऐकलं असेल. त्याला आवडता दाखला फियाटच्या 1.3 मल्टिजेटचा. हे डिझेल इंजिन आपल्या शेजारी रांजणगावला फियाट-टाटाच्या कारखान्यात बनायचं, तिकडे उत्तरेत मारुतीसाठीही बनायचं, आणि निम्म्या देशाच्या गाड्या त्यावर चालल्या. एक अवतार 75 पीएसचा, दुसरा 90 पीएसचा. लोक म्हणत, फरक फक्त सॉफ्टवेअरचा. नव्हता. 90 वाल्याला पाती हलणारा, व्हेरिएबल जिऑमेट्रीचा टर्बो होता, 75 वाल्याला साधा. पंधरा पीएसमागे लोखंड बदललं होतं. लॅपटॉप लोखंड बदलत नाही.

गिअरबॉक्सचंही तसंच. चाकणला बनणाऱ्या स्कोडा-फोक्सवॅगनच्या गाड्यांत 1.5 लिटरचं टीएसआय इंजिन येतं: 150 पीएस ताकद, 250 न्यूटन मीटर टॉर्क. त्याच्या ऑटोमॅटिकला जोडलेला सात गिअरचा, कोरड्या क्लचचा डीएसजी, ज्याला जाणकार डीक्यू 200 म्हणतात, त्याची कागदावरची क्षमताही 250 न्यूटन मीटर. घ्या हिशेब. आकड्याला आकडा भिडलेला असताना कुणी "तीनशेच्या पुढे नेतो" म्हणाला, तर ते जादाचे न्यूटन मीटर कुठल्या क्लचच्या जिवावर, एवढं तरी विचारा. बेंगळुरू-मुंबई हायवेवर, नवले पुलाच्या गर्दीत, पहिला-दुसरा-पहिला करत तासभर सरकताना तो क्लच आधीच तापलेला असतो.

आता वॉरंटीकडे. वॉरंटी म्हणजे कंपनीचं वचन, आणि ते तिनं स्वतः लिहिलेल्या मॅपवर चालणाऱ्या इंजिनाला दिलेलं असतं. दुसऱ्यानं लिहिलेल्या मॅपची जबाबदारी कंपनीनं का घ्यावी, याचं उत्तर मला आजवर कुणी ट्यूनरनं दिलेलं नाही. 'कळत नाही' हाच त्यांचा युक्तिवाद. कळतं. ईसीयूमधल्या मॅपला एक पडताळणी क्रमांक असतो, एक आकडा हलला तरी तो बदलतो. किती वेळा प्रोग्रॅम चढवला, याची मोजदाद बऱ्याच ईसीयूत राहते. जुनी फाइल परत टाकणं हीसुद्धा त्यात एक नोंद होऊन बसते. फोक्सवॅगन समूहात तर अशा गाडीवर 'टीडी-वन' नावाचा शिक्काच बसतो. तो समूहाच्या संगणकात त्या चॅसी नंबरपुढे लागतो आणि इंजिन-गिअरबॉक्सचा क्लेम तिथंच अडतो.

भाच्याचं हेच झालं. वर्षभरानं टर्बोनं तेल सोडलं, मागून निळा धूर. दोन दिवस आधी जुनी फाइल टाकून पठ्ठ्या सर्व्हिस सेंटरला गेला. सर्व्हिस अॅडव्हायझरनं स्कॅनर लावला, आत जाऊन आला, आणि हळू आवाजात म्हणाला, "साहेब, यात प्रोग्रॅमिंग झालंय. क्लेम बसणार नाही." अंदाजपत्रक लाखाच्या वर.

इथं मी भाच्याच्या बाजूनंही बोलणार आहे. टर्बो रिमॅपनं गेला का? गेला असेल. पण टर्बोला तेल पोहोचवणारी नळी मुळातच तुंबलेली असेल, तर? कुणी उघडून पाहिलं नाही. आम्ही म्हटलं, नकार लेखी द्या आणि कारण लिहा. तिसऱ्या फेरीला एक ओळीचा मेल आला: 'अनधिकृत बदलामुळे वॉरंटी लागू नाही.' कुठला बदल, कुठल्या भागावर त्याचा काय परिणाम, एक अक्षर नाही. त्याच जोरात त्यांनी खिडकीच्या काचेच्या मोटरचा क्लेमही नाकारला. खिडकीची काच आणि डिझेलचा मॅप यांचा काय संबंध? हा आडमुठेपणा आहे, आणि तो सहन करू नये.

अमेरिकेत 1975 पासून मॅग्नसन-मॉस नावाचा वॉरंटीचा कायदा आहे. त्याची तिथली रीत अशी की बाहेरचा भाग लावला एवढ्यावरून सगळी वॉरंटी बाद होत नाही. बिघाड त्या भागामुळेच झाला, हे कंपनीनं दाखवायचं. आपल्याकडे असा स्वतंत्र कायदा नाही. 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा मात्र आहे, जिल्हा आयोगात 50 लाखांपर्यंतचं प्रकरण नेता येतं, आणि तक्रार आपण राहतो तिथं करता येते. ग्राहक पंचायतीची चळवळ बिंदुमाधव जोशींनी 1974 साली याच पुणे शहरात उभी केली. त्या शहरातल्या ग्राहकानं तोंडी नकार घेऊन घरी यावं, हे मला लागतं. पण आयोगापुढे उभं राहायचं तर आपले हात स्वच्छ हवेत. जुनी फाइल टाकून गेलेल्या माणसानं कारणमीमांसा मागायची कुठल्या तोंडानं? भाच्याला मी हेच म्हटलं. तो गप्प बसला. खिडकीची मोटर भांडून मिळवली, टर्बोचे पैसे त्यानं भरले.

मॅपमध्ये लपवाछपवी करणं काय असतं, हे पुण्याला नव्यानं सांगायला नको. 18 सप्टेंबर 2015 ला अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेनं फोक्सवॅगनला नोटीस काढली. डिझेल गाडीच्या ईसीयूतला प्रोग्रॅम ओळखायचा की गाडी प्रयोगशाळेत रोलरवर फिरते आहे. तेवढ्यापुरता धूर सोवळ्यात, रस्त्यावर आली की नायट्रोजन ऑक्साइड मोकाट. जगभरात सुमारे 1 कोटी 10 लाख गाड्या. भारतात चाचण्या केल्या आपल्या एआरएआयनं, म्हणजे 1966 साली स्थापन झालेल्या, वेताळ टेकडीवरच्या त्याच वाहन-संशोधन संस्थेनं, जिच्या कुंपणाशेजारून आपण सकाळी फिरायला जातो. चाकणहून निघालेल्या गाड्या कोथरूडच्या टेकडीवर तपासल्या गेल्या. डिसेंबर 2015 मध्ये समूहानं इथल्या 3,23,700 गाड्या परत बोलावून सॉफ्टवेअर बदलायचं जाहीर केलं. भारतातले नियम मोडले नाहीत, असं कंपनीचं म्हणणं होतं. मार्च 2019 मध्ये हरित न्यायाधिकरणानं 500 कोटींचा दंड ठोठावला, पुढे सर्वोच्च न्यायालयानं वसुलीला स्थगिती दिली.

तेव्हा आपण सगळे संतापलो होतो, आणि बरोबर संतापलो होतो. मग तपासणीपुरती एक फाइल आणि रस्त्यासाठी दुसरी, हाच खेळ गल्लीतल्या गॅरेजात पंचवीस हजारांत झाला तर तो हुशारी कसा ठरतो?

यातला सगळ्यात वाईट प्रकार 'डीपीएफ ऑफ'. एप्रिल 2020 पासून बीएस-6 आलं, डिझेलच्या धुराड्यात काजळी अडवणारी गाळणी, म्हणजे डीपीएफ, आली. सिंहगड रोडवर दुसऱ्या गिअरमध्ये अडकून पडणाऱ्या गाडीची ती गाळणी तुंबते, दिवा लागतो, मालक वैतागतो. वैताग खरा आहे. काजळी जाळायला गाडी अधूनमधून अर्धा तास मोकळ्या रस्त्यावर एका वेगात चालवावी लागते, हे विकताना त्याला कुणी धड सांगितलेलंच नसतं. पण उपाय म्हणून गाळणी फोडून काढायची आणि ईसीयूला 'गाळणी आहे, ठीक आहे' असं पढवायचं? तो धूर मागच्या ॲक्टिव्हावर बसलेल्या शाळकरी पोराच्या छातीत जातो. पीयूसीच्या टपरीवर डिझेल गाडीचा धूर किती काळा एवढंच मोजतात, काजळीचे बारीक कण मोजतच नाहीत, त्यामुळे कागद हिरवा राहू शकतो. या कामाला मी ट्यूनिंग म्हणायला तयार नाही.

कायदा काय म्हणतो? 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम 182-अ नुसार नियमाबाहेरचा बदल केला, त्यात सुटे भाग बसवणंही आलं, तर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. डबा त्यात सरळ बसतो. नुसती फाइल बदलली तर वकील शब्दावर भांडतील. धुराच्या मर्यादा ओलांडल्या तर कलम 190 आहेच, 10,000 रुपयांपर्यंत. विम्याचंही बघा: पॉलिसी घेताना गाडी जशी सांगितली तशी ती नसेल, तर अपघातानंतर सर्व्हेअरला बोट ठेवायला जागा मिळते.

चांगले ट्यूनर आहेत, आणि त्यांच्या हातातल्या विद्येबद्दल मला आदर आहे. ताकद मोजणाऱ्या डायनोवर गाडी चढवून आधीचा आणि नंतरचा आलेख हातात देणारे, "क्लच जुना आहे, आधी तो बदला" म्हणून गिऱ्हाईक परत पाठवणारे. अशांना माझी एकच मागणी: बिलावर लिहा. कुठला मॅप, किती टॉर्क, किती तारखेला, आणि इंजिन-गिअरबॉक्सच्या वॉरंटीवर याचा परिणाम होऊ शकतो ही ओळ. कंपन्यांनीही नकाराखाली भागाचं नाव, तपासणीत काय आढळलं ते आणि इंजिनिअरची सही द्यावी. सरकारनं ते सक्तीचं करावं.

मागच्या महिन्यात भाच्यानं ती गाडी विकायला काढली. बघायला भोरहून एक शिक्षक आले, बायको-मुलीसह. मुलगी मागच्या सीटवर बसून काच वर-खाली करत होती. सरांनी बॉनेट उघडून तेलाची दांडी पुसून पाहिली, सर्व्हिस बुक चाळलं. भाच्यानं माझ्याकडे बघितलं. मी काही बोललो नाही. त्यानं खिशातून घडी घातलेला कागद काढला: रिमॅपची तारीख, टर्बो बदलल्याचं बिल, आता मूळ मॅप आहे हे, आणि कंपनीनं क्लेम नाकारलाय हेही. सरांनी दोनदा वाचलं, बाजूला जाऊन बायकोशी बोलले, आणि चाळीस हजार कमी सांगितले.

"चालेल, सर," भाचा म्हणाला, आणि आतून पेन घेऊन आला.