घोडं कुठं अडलं?

एकदा लग्नसराईत रुक्मिणीनगरातल्या आमच्या गल्लीत एक पाहुणे पत्ता विचारत आले. "घोडेवाले भाऊ इथंच राह्यते ना जी? पोराच्या वरातीसाठी घोडा पाह्यजे होता. पांढरा असला तं बरं."

भाऊंनी त्यांना आत बसवलं, चहा पाजला आणि पाऊण तास घोड्याविषयीच सांगितलं. घोडा जड असला की काय होतं, ओढताना मधेच कसा अडतो, जास्त हलका केला तर कसा भरोसा राहत नाही. पाहुणे माना डोलवत होते. शेवटी त्यांनी भाडं विचारलं तेव्हा उलगडा झाला की हा घोडा रायफलीचा आहे, आणि तो वरातीत वाजला तर नवरदेवासकट सगळी वरात ठाण्यात जाईल.

भाऊ वीज मंडळातून निवृत्त झालेले. वडिलांच्या वेळची पॉइंट टू-टू रायफल त्यांनी रीतसर परवान्याने आपल्या नावावर करून घेतलेली. या रायफलीच्या काडतुसाचा बार पेटवणारा मसाला बुडाच्या कडेत भरलेला असतो आणि पिन त्या कडेवरच आपटते, हे गल्लीतल्या लहान पोरालाही तोंडपाठ आहे. भाऊंनी सांगितलं नाही असं घर नाही. महिन्यातून एकदा ते रेंजवर जातात, आणि कागदाच्या चारी कोपऱ्यांना सारखा न्याय देऊन परत येतात.

हुकण्याची कारणं मात्र काळानुसार सुधारत गेली. आधी वारा होता. मग चष्म्याचा नंबर आला, मग काडतुसांचा डबा जुना निघाला. १ ऑगस्ट २०२४ ला कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसला पन्नास मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ मिळवलं आणि भाऊंना रात्रभर झोप लागली नाही. "मध्य रेल्वेतला टीसी हाय तो! आपल्या बडनेऱ्यावरून जाते ते रेल्वे! अन् बोअर कोणतं? टू-टू! आपलंच!" पन्नास मीटरवरचं दहाचं वर्तुळ अवघं १०.४ मिलिमीटरचं, म्हणजे सदऱ्याच्या गुंडीएवढं. पोरगा तिथं मारतो आणि आपल्याला कागद सापडत नाही, याचा भाऊंनी आठवडाभर अभ्यास केला. एक दिवस फाटकातूनच ओरडले, "सापडलं! घोडा जड हाय बाप्पा!"

नियमही शोधून झाला होता. दहा मीटरच्या पिस्तुलाचा घोडा निदान अर्ध्या किलोचा लागतो. पन्नास मीटरच्या रायफलीला खालची मर्यादाच नाही. "म्हणजे फुंकर मारली तरी चालते!"

आता स्वतःच्या घोड्याचं वजन करायचं होतं. रिकामी रायफल नळी वर करून दाराला टेकवली, घोड्याला सुतळीने पिशवी लटकवली आणि काकूंच्या डब्यातली तुरीची डाळ वाटीवाटीने आत पडू लागली. पावणेतीन किलोला खट्ट झालं, पिशवी सुटली आणि देवघरापर्यंत डाळ पसरली. काकूंनी ती निवडून परत डब्यात भरली. त्या आठवड्यात त्यांच्याकडचं वरण खाताना आम्ही दात जपून वापरले.

भाऊंच्या हाती कानस दिसली तेव्हा मात्र मी घाबरलो. पण वीज मंडळाचा माणूस, सील न तोडण्यात हयात गेलेली. हत्याराच्या दुरुस्तीलाही शस्त्र कायद्याप्रमाणे परवाना लागतो म्हणून रायफल परवानावाल्या दुकानातल्या म्हाताऱ्या मिस्त्रीकडे गेली. मिस्त्रीने खाच साफ केली, स्प्रिंग बदलली, घोडा दीड किलोवर आणला आणि हात पुसले. भाऊ म्हणाले, "आणखी थोडा हलका?"

"शिंक आली तं वाजन," मिस्त्री म्हणाला आणि बिडी पेटवली.

रायफल घरी आली ती नेमकी दसऱ्याला, १२ ऑक्टोबरला. अंबादेवीला जाऊन आल्यावर शस्त्रपूजा झाली. घोड्याला हळदकुंकू लागलं, वर झेंडूचं फूल. पुढच्या आठवड्यातल्या रविवारी रेंज, असं भाऊंनी गल्लीभर सांगितलं. १५ तारखेला विधानसभेची आचारसंहिता लागली आणि पाठोपाठ ठाण्यातून निरोप आला: हत्यार जमा करा. राष्ट्रीय पातळीच्या नेमबाजांना यातून सूट मिळू शकते. भाऊंची पातळी गल्लीची. लोकसभेच्या वेळी मार्चमध्येही रायफल अशीच गेली होती, पण तेव्हा घोडा जड होता, भाऊ इतके हळवे झाले नव्हते. या खेपेला हवालदाराने "रायफल एक, चालू" असं लिहिताच भाऊंनी हात जोडले, "साहेब, 'घोडा दीड किलो' एवढं लिहा नं जी!"

मग घरात वजनं सुरू झाली. स्कूटरचा ब्रेक, दाराची कडी, बेलचं बटण. एक दिवस गॅसचा लायटर उलटा धरून त्यांनी स्वयंपाकघरातल्या काट्यावर दाबला. काटा सव्वातीनवर गेला तेव्हा ठिणगी पडली.

"सव्वातीन किलो! रायफलीच्या दुप्पट! कशी वापरतं तू हे?"

काकू भाकरी थापत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तीस वर्सं झाले, एवढाच जड हाय. पण माहा बर्नर एकदाही हुकला नाई."

भाऊ बराच वेळ गप्प होते. मला वाटलं, लागलं कुठंतरी.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाला गेलो तर काकू आगपेटीच्या काडीने गॅस पेटवत होत्या. लायटर मिस्त्रीकडे गेला होता.