निजाम शेवटी जेवतो

“कवा आलीस गं?”

“कालच्याला, काकू. जामखेडहून जीप मिळाली. परवा आण्णांचं वर्षश्राद्ध न्हाई का! घरात पाय ठेवायला जागा न्हाई बघा. आम्ही सात भावंडं, जावई, सुना, नातवंडं. म्हटलं जरा भिंतीपाशी यावं, तुमच्याशी बोलावं.”

“व्हय की, सकाळपासून नुसतं खिदळणं ऐकू येतंय. पल्याडची विचारत होती, श्राद्ध हाय का बारसं?”

“आण्णांची आठवण काढून रडावं तरी कसं? आत्ता थोरला दादा दिवाळीच्या किल्ल्याची गंमत सांगत होता. पोरांनी मातीचा किल्ला केला की आण्णांची खर्ड्याची लढाई ठरलेली. शिंदे व्हायला सगळे तयार. होळकर, पटवर्धन, नागपूरकर भोसले, सगळ्यांना गिऱ्हाईक. निजाम व्हायला कुणी न्हाई. मंग आण्णाच निजाम! आईची गोधडी पांघरून कणगीमागं दडायचे अन् आतनं ओरडायचे, ‘तीन कोट देतो, मुलूख देतो, पन आधी तांब्याभर पाणी द्या रं!’ पोरगं तांब्या घेऊन गेलं की त्याच्याच अंगावर गुळणी.”

“अन् भिजलेली पोरं माझ्या ओसरीवर.”

“माझ्या धाकट्याला पेपरात खर्ड्याची लढाई आली होती. ११ मार्च १७९५, बरोबर लिहिलंन. तह का झाला, तर ‘निजामाला तहान लागली म्हणून’. गुरुजींनी बोलावून घेतलं मला.”

“त्यात काय चुकलं? आपल्या खर्ड्याच्या किल्ल्यात कोंडल्यावर तहान लागणारच की माणसाला.”

“जावयांना तर सोडायचेच न्हाईत. केजकडच्या विड्याला धुळवडीला जावयाची गाढवावरनं मिरवणूक काढतात ना, त्याची धमकी. धोंड्याच्या महिन्यात आमचे हे जेवायला बसले, तर म्हणतात, ‘पाव्हणं, सावकाश होऊ द्या, गाढव अजून बांधलेलंच हाय.’ यांचा घास घशातच अडकला. अन् एकवीस सालच्या दसऱ्याला किल्ल्याशी तो ७४ मीटरचा भगवा लागला, तवा नातू मोटरसायकलवर बसवून दाखवायला घेऊन गेला. आण्णा वर बघत बघत म्हणाले, ‘उंच हाय, पन आपल्या सोसायटीच्या थकबाकीएवढा न्हाई.’”

“लई हसवलंन त्यांनी, खरं हाय. पन एक सांगू? राग नको धरू. हसवणारे ते, सोसणारी तुपली आई.”

“म्हणजे?”

“बहात्तरचा दुष्काळ. मी नवी नवरी. तुपली आई अन् मी एकाच कामावर खडी फोडायला. रेशनला मिलो, लाल लाल ज्वारी, भाकरी घशाखाली उतरत नसायची. आण्णा पोरांना म्हणायचे, ‘अमेरिकेची पाव्हणी आलीय, नाकं मुरडू नका.’ पोरं हसत हसत खायची. पंगतीत आण्णा, दोन दीर, सासू, पोरं. आई शेवटी. टोपल्यात बघावं तर फडकं तेवढं राहिलेलं.”

“आई कवा बोलली न्हाई.”

“बोलंल कशी! सासू पुढ्यात बसलेली. मीच एकदा बोलले आण्णांना, याच भिंतीवरनं. म्हटलं, पाव्हणीचं कौतुक पुरं, घरच्या बाईच्या पोटात काय हाय ते बघा एकदा. काय बोलले न्हाईत. तोंड मात्र उतरलं.”

“मंग?”

“मंग काय! तवापासनं आईचं ताट झाल्याबिगर ते जेवले न्हाईत. तू बघितलंच असशील की.”

“अगं बाई! आम्ही म्हणायचो, आण्णा बसा की, तर म्हणायचे, ‘निजाम शेवटी जेवतो. आधी तुम्ही खा, विष हाय का बघू दे.’ आम्हाला वाटायचं ती बी थट्टाच!”

“थट्टाच होती की. थट्टेबिगर सरळ बोलता यायचं कुठं त्या माणसाला? माझी माफी मागायची होती, तर महिनाभरानं भिंतीवर एक भोपळा आणून ठेवला अन् म्हणाले, ‘वैनी, हे माझं डोकं, चिरा.’”

“काकू, हे कीर्तनकार महाराजांना सांगायला पायजे. ते सारखे विचारतायत, माणूस कसा होता. दादा लढाई सांगतो, धाकटी भोकाड पसरते, कुणाचं कुणाला पटंना. पत्रिकेत मात्र छापलंय, ‘शांत, संयमी व धार्मिक वृत्तीचे’.”

“शांत? कोन, आण्णा?”

“छापखान्यात मजकूर तयारच असतोय ओ, नाव तेवढं बदलायचं.”

“मंग कुणा दुसऱ्याचंच श्राद्ध घालताय तुम्ही. जा आता, आई हाक मारतीय. अन् आमटीला येसूर कमी पडला तर घेऊन जा, डबा भरलेला हाय. पन डबा माघारी दे. थोरल्याच्या लग्नात नेलेली माझी परात तुमच्याकडंच हाय अजून.”

“आण्णा म्हणायचे, ती खंडणीत जमा झाली.”

“म्हणायचे न्हाई तर काय! त्यातच तर पाय धुवायचे ते.”