बेबीची मेथी

शिरूर आणि दौंड आता पुण्याची अन्नसुरक्षा सांभाळणार आहेत. परवा एका थंडगार सभागृहात पडद्यावर तसं जाहीर झालं. नकाशात दोन्ही तालुके हिरवेगार रंगवले होते. पाबळ, केंदूर, कान्हूर मेसाईसुद्धा! तिथं हा नकाशा चावडीवर लावावा. टँकरची वाट बघताना तेवढंच हिरवं.

टाळ्या मात्र पडल्या त्या यवतच्या मेथीच्या जुडीला. चित्राखाली एकच शब्द : 'स्थानिक'.

स्थानिक म्हणजे किती स्थानिक, हे सांगतो. जेवण झालं असेल तरच वाचा. सकाळी सदाशिव पेठेत तुम्ही आंघोळ करता, दात घासता, आणि उरलेलं जे काही करायचं तेही करता. सगळं खडकवासल्याच्या पाण्यानं. तेच पाणी मुंढव्यात गोळा होतं आणि पंपानं बेबी कालव्यात चढतं. (इंग्रजांच्या काळातला हा कालवा. गावातल्या निम्म्या रस्त्यांची नावं बदलून झाली, ही म्हातारी अजून बेबीच.) चढण्याआधी पाण्यावर प्रक्रिया होते, असं कागद म्हणतो. कागदाला नाक नसतं. मग बेबी काळीशार, फेसाळत यवतच्या शिवारात उतरते, मेथीच्या वाफ्यात शिरते, महिन्याभरात जुडी होऊन टेम्पोत बसते, पहाटे गुलटेकडी, आठ वाजता तुमचं दार : "ताई, गावठी मेथीऽऽ!" म्हणजे गेल्या महिन्यात मोरीतून गेलेला पुणेकर या महिन्यात ठेपल्यातून घरी परत. वर हाच गृहस्थ जुडी नाकाशी धरून विचारणार, "वास कसला हो येतोय?" अहो काका, तुमचाच!

आणि राग याचा येतो, की धरणातलं नितळ पाणी इथं गाड्या धुवायला, खाली दौंडला उष्टं. आणि त्या उष्ट्यावर पिकवलेल्या जुडीचा भाव पडला की काढणीची मजुरीसुद्धा निघत नाही, उभ्या वाफ्यात मेंढरं सोडावी लागतात. मेंढरांची अन्नसुरक्षा मात्र चोख आहे.

प्रश्नोत्तरांत वरवंडच्या एका शेतकऱ्यानं विचारलं, "जुडीला किती देणार, सायेब?"

"तो पुढचा टप्पा आहे," उत्तर आलं. पुढचा टप्पा जेवणाचा होता.

ताटात मेथी होती. त्यानं तेवढी वाटी बाजूला सारली. म्हटलं, "का हो, तुमचीच ना?"

"तर! पण घरची आम्ही येगळी लावतो. हिरीवर."