लागेल कधीतरी

महापे एमआयडीसीत पूर्वी माल बनायचा, आता साठवतात. रसायनांच्या कारखान्यांशेजारी डेटा सेंटरं उभी राहिली. कुणाकुणाचे लग्नाचे व्हिडिओ आणि ‘गुड मॉर्निंग’चे गुलाब तिथल्या थंडगार हवेत सुखानं नांदत असणार. आमचं ऑफिस त्याच वाटेवर, तेव्हा साठवण्याची लागण आम्हालाही होणारच.

साहेबांच्या उबंटूवाल्या मशीनला एसएसडी बसली, तेव्हा ते इतकं झटक्यात सुरू होऊ लागलं की तोवर टपरीवर कटिंग मारून यायची सोयच गेली. पण वर्ष सरलं आणि साहेबांची तक्रार आली, “सेव्ह केलं की मशीन गपगार होतं.”

नव्या पोरानं लगेच लिहिण्याचा वेग मोजायला ‘डीडी’ कमांड चालवली. सेकंदाला २ जीबी! “सर, पळतेय की!”

आमचे सिस्टीमवाले काका चष्म्यावरून बघत म्हणाले, “बाळा, ही साटाची ड्राइव्ह. त्या तारेतून सेकंदाला ६०० एमबीच्या वर काही जातच नाही. लिनक्स आधी रॅममध्ये लिहून घेतं आणि ‘झालं’ म्हणतं. तू मोजलीस ती रॅम.” त्यांनी कमांडीला ‘एफडेटासिंक’ची शेपटी जोडली. आकडा साठ एमबीवर आला आणि पोराचा चेहरा पडला.

मग काकांचा तास सुरू झाला. एसएसडीत लिहितात पानापानानं, पण पुसायचा तो पानांचा अख्खा गठ्ठाच. लिहिलेल्या पानावर पुन्हा लिहिता येत नाही. आपण फाइल उडवली तरी ड्राइव्हला पत्ता नसतो. सरकारी दप्तरासारखं, नोंदवहीत ‘रद्द’ आणि कागद कपाटात. मोकळी पानं संपत आली की ड्राइव्ह कामाची पानं इकडून तिकडे हलवत बसते, आणि लिहिणं रखडतं. कुठली पानं टाकाऊ, हे तिला ‘एफस्ट्रिम’ सांगतं. उबंटूत ते आठवड्यातून एकदा, रविवार संपून सोमवार लागताना चालतं. तेव्हा मशीन बंद असेल, तर पुढच्या वेळी चालू झाल्यावर राहिलेलं काम आठवणीनं उरकतं. आमच्याकडे सोमवारी एवढं आठवणीनं काम करणारं दुसरं कुणी नाही.

“म्हणजे एफस्ट्रिम बिघडलंय?”

“छे. त्याला सांगायला काही उरलेलंच नाही. ड्राइव्ह ९८ टक्के भरलीय.”

“अहो, मी तर सगळं डिलीट केलंय!” साहेब उखडले.

काकांनी ट्रॅश उघडला. २०१६ची कोटेशनं, सोडून गेलेल्या माणसांचे रजेचे अर्ज, एकाच पिकनिकचे तीन-तीनदा उतरवलेले फोटो.

“रिकामा करू?”

साहेबांचा हात आपोआप माउसवर गेला. “थांबा हो. लागेल कधीतरी.”

दुपारी खरेदीचा अर्ज निघाला: दुप्पट क्षमतेची एसएसडी, कारण, वेग वाढवणे.

“आणि ही जुनी?” काकांनी विचारलं.

“ट्रॅशसकट कपाटात ठेवा.”