एका घरात चार आडनावं

अहो वैनी, ऐकलंत का? आमचा भाचा आहे ना, रेक्याविकला गेलेला, आइसलंडला, काल त्याचा फोन होता. घरमालकाच्या दारावरची पाटी वाचून बिचारा गांगरलाच! घरात चार माणसं आणि चौघांची आडनावं चार. त्याला वाटलं, यांचं लग्नबिग्न झालेलंच नाही की काय!

तसं काही नाही हो. तिथे मुळात आडनावच नसतं. समजा, बापाचं नाव योन. मग मुलगा होतो योन्सन आणि मुलगी योन्सदोत्तिर. योनचा मुलगा, योनची मुलगी, संपलं. योन स्वतः त्याच्या बापाच्या नावानं, बायको तिच्या बापाच्या. आपण मधे वडिलांचं नाव लावतो ना, तसंच. फक्त त्यांची गाडी तिथेच थांबते, पुढे कुलकर्णी-जोशी नाही. कुणी आईचंही लावतात. तो फुटबॉलवाला हेइदार हेल्गूसन, तो हेल्गाचा मुलगा.

आणि लग्नानंतर बायकांनी नाव बदलायची भानगडच नाही! मला नाही बाई खोटं बोलता येत, हे ऐकून हेवा वाटला. माझं पासबुकावर एक नाव, दहावीच्या सर्टिफिकेटवर दुसरं. प्रत्येक खिडकीवर अ‍ॅफिडेव्हिट काढा.

फोनची छापील डिरेक्टरीसुद्धा पहिल्या नावानं लावलेली असायची. दहा योन सापडले तर पुढे धंदा लिहिलेला असायचा, त्यावरून ओळखायचं. १९८० साली विग्दीस फिन्बोगादोत्तिर राष्ट्राध्यक्ष झाल्या, निवडणूक जिंकून त्या पदावर बसलेली जगातली पहिली बाई. त्यांनाही सगळे नुसतं विग्दीसच म्हणायचे. मॅडमबिडम काही नाही! नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या, एकटीनं मुलगी दत्तक घेतलेली. आपल्याकडे असती, तर प्रचारात काय काय काढलं असतं, विचारूच नका.

आडनावं अगदीच नाहीत असंही नाही. १९५५ साली नोबेल मिळालेले हाल्डोर लाक्स्नेस मूळचे गुडयोन्सन. लाक्स्नेस नावाच्या शेतवाडीवर वाढले, तेच नाव लावलं. आपल्याकडे गावाला 'कर' जोडतात, तसाच प्रकार. पण १९२५ च्या कायद्यानं नवी आडनावं घ्यायला बंदी आली. ज्यांची आधीची होती, त्यांची राहिली.

खरी गंमत पुढेच आहे. तिथे पोराचं नाव मंजूर नावांच्या यादीत नसेल, तर एका सरकारी समितीकडे अर्ज करायचा! १९९१ पासून आहे ती. नावाला त्यांच्या व्याकरणाचे प्रत्यय लागायला हवेत, स्पेलिंग त्यांच्या अक्षरांत बसायला हवं आणि पुढे पोराला त्या नावाची लाज वाटता कामा नये. नाही पटलं तर सरळ नकार! लोक कुरकुरतात म्हणे. कुरकुरू देत. आपल्या सोसायटीत अशी समिती हवीच होती. कियांश, रियांश, वियांश... खाली खेळताना एकाला हाक मारली की तिघं धावत येतात. आणि समोरच्या बिल्डिंगमधल्या सूनबाईंनी जुळ्यांसाठी जी नावं काढलीत ना... जवळ या, सांगते. पण मी बोलले असं म्हणू नका हं!