बिल्लेकर, लेव्हल नऊ

पगार वेळेवर करणाऱ्या प्रत्येक कंपनीत हल्ली एक बिल्लेकर असतो. आमचे बिल्लेकर खराडीतल्या एका काचेच्या इमारतीत, पाचव्या मजल्यावर सापडतात. तिथे आम्ही आरोग्यविम्याचे दावे निकाली काढतो. बिल्लेकर हे आडनाव आम्हीच दिलेलं. गळ्यातल्या ओळखपत्राच्या पट्टीला त्यांनी इतके बिल्ले टोचलेत की पोळ्याच्या बैलासारखी आधी किणकिण येते, मग ते येतात आणि मग 'गुड मॉर्निंग, चॅम्पियन्स!' येतं. वय पंचेचाळीस, बूट पंचविशीचे. हुद्दा दर सहा महिन्यांनी बदलतो; सध्या त्यात 'हॅपिनेस' हा शब्द आहे, त्यामुळे इन्क्रिमेंटची चौकशी त्यांच्याकडे करायची नसते.

माणूस पगारासाठी ऑफिसात येतो, पण काम करतो ते पॉइंटसाठी, अशी बिल्लेकरांची श्रद्धा आहे. नव्या बॅचसमोर ते ती पुराव्यानिशी मांडतात. पहिली स्लाइड मोक्षपटाची. परंपरा या खेळाचं श्रेय ज्ञानेश्वरांना देते, तेवढ्या आधारावर बिल्लेकर माउलींना 'आपल्या फील्डमधले पायोनियर' करून टाकतात. मोक्षपटात सद्गुणाच्या घरातून शिडी निघते, दुर्गुणाच्या घरात साप गिळतो आणि शेवटी मोक्ष मिळतो. बिल्लेकरांच्या पटावर शिडी टाइमशीट वेळेत भरल्याबद्दल असते आणि शेवटी स्टीलची पाण्याची बाटली मिळते.

दुसरी स्लाइड 1990 सालची. त्या वर्षी विंडोज 3.0 बरोबर सॉलिटेअर आला. माउसने वस्तू उचलून दुसरीकडे नेऊन ठेवायचा सराव लोकांना व्हावा, हा त्या पत्त्यांमागचा एक हेतू. 'खेळता खेळता जग माउस शिकलं, गाईज!' खरं आहे. माझ्या पाहण्यातल्या कितीतरी कचेऱ्या तशाच माउस शिकल्या आणि पुढची दहा वर्षं दुसरं काही शिकायला त्यांना सवडच झाली नाही.

गेल्या दिवाळीनंतर बिल्लेकरांनी आमच्या दाव्यांचंच 'मिशन' करून टाकलं. फाइल बंद केली की स्क्रीनवर सोनेरी ताऱ्यांचा पाऊस, एक 'टिंग' आणि दहा पॉइंट. पॅन्ट्रीसमोर भलामोठा टीव्ही, त्यावर सगळ्यांची नावं वरखाली. प्रत्येकाला एक अवतार. मला धनुर्धर मिळाला, अकाउंट्समधल्या मॅडमना ड्रॅगन. त्यांनी तो बदलून मागितला नाही, यावरून आम्ही काय ते समजलो.

पहिला आठवडा झकास गेला. दुसऱ्या आठवड्यात मोतीबिंदूंची लूट सुरू झाली. मोतीबिंदूचा दावा म्हणजे अर्ध्या दिवसाचं ऑपरेशन, ठरलेलं पॅकेज, चार कागद. चहा निवायच्या आत निकाल. अपघाताचा दावा म्हणजे दोन हॉस्पिटलं, पोलिसांचा पंचनामा, औषधांच्या बिलांचा गठ्ठा आणि त्यात एक तरी बिल असं, ज्यावर डॉक्टरांची सही आहे पण पेशंटचं नावच नाही. पॉइंट दोन्हींना दहाच! साडेनऊला सिस्टिम उघडली की मोतीबिंदूंवर झडप पडायची. पावणेदहाला रांगेत नुसते अपघात उरायचे, आणि ते तिथेच राहायचे. एका चलाख पोराला तर शोध लागला की बंद फाइल 'कागद अपुरे' म्हणून उघडून पुन्हा बंद केली की पुन्हा दहा पॉइंट पडतात. त्याने एका बाईंच्या पित्ताशयाची फाइल आठवडाभर उघडझाप केली आणि शुक्रवारी तो 'क्लेम-केसरी' झाला. बिल्लेकरांनी त्याच्याबरोबर सेल्फी काढला. बाईंना तोवर प्रत्येक उघडझापीचा एसएमएस जात होता.

हे थांबवायचा प्रयत्न आमच्या नानांनी केला. नाना क्लेम्समधले सर्वांत जुने, उमेदवारीत युनियनची पत्रकं वाटलेले. मासिक सभेत ते उठले. 'अहो बिल्लेकर, हे नवीन नाही. स्कॉटलंडात न्यू लॅनार्कच्या सूतगिरणीत रॉबर्ट ओवेननं दोनशे वर्षांपूर्वी प्रत्येक कामगाराच्या जागेवर लाकडाचा चौरंगी ठोकळा टांगला होता. काळा म्हणजे वाईट, निळा म्हणजे बेताचा, पिवळा म्हणजे चांगला, पांढरा म्हणजे उत्तम. काल कसं वागलात ते आज सगळ्या गिरणीला दिसायचं.' यावर माणसाला जरा लाज वाटावी अशी नानांची अपेक्षा होती. बिल्लेकरांनी वही काढली. पुढच्या सोमवारी प्रत्येक टेबलावर चार रंगांचा थर्माकोलचा ठोकळा होता.

नानांनी हार मानली नाही. पुढच्या सभेत त्यांनी स्टाखानोव्ह काढला. डोनबासच्या खाणीतला हा कामगार. 1935 च्या ऑगस्टअखेरीला त्याने एका पाळीत 102 टन कोळसा फोडला, तेव्हा नेमून दिलेलं काम होतं 7 टनांचं. पण त्याच्या मागे लाकडाचे टेकू लावत जाणारी माणसं वेगळी होती, नाव मात्र एकट्याचं झालं. आणि मग इतर कामगारांचं नेमून दिलेलं काम वाढलं, हे नानांना ठासून सांगायचं होतं. बिल्लेकरांनी '102' एवढंच टिपून घेतलं. तिसऱ्या सभेत नानांनी अमेरिका गाठली. कॅलिफोर्नियात डिस्नेलँडच्या हॉटेलांच्या धोबीखान्यात मोठ्या पडद्यावर प्रत्येकाच्या नावापुढे कामाचा वेग झळकायचा. चादरी-टॉवेलवाले कामगार त्या पडद्याला 'इलेक्ट्रॉनिक चाबूक' म्हणत. 2011 मध्ये हे तिथल्या वर्तमानपत्रात छापून आलं. बिल्लेकरांचा चेहरा उजळला. 'म्हणजे डिस्नेसुद्धा!'

त्यानंतर नाना सभेत उठायचे बंद झाले. आपण बोललो की नवं काहीतरी टेबलावर येतं, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं.

बिल्लेकरांवर अन्याय नको. एक गोष्ट त्यांनी खरोखर उत्तम केली होती. नव्या मुलांना फोनवर बोलायला शिकवण्यासाठी त्यांनी 'संतापलेला ग्राहक' नावाचा खेळ बसवला. पलीकडून रेकॉर्ड केलेला आवाज ओरडतो, 'माझा क्लेम का नाकारला?' समोर तीन उत्तरं. चुकीचं निवडलं की आवाज आणखी चढतो; फारच चुकलात की पलीकडचा गृहस्थ तुमच्या साहेबांच्या साहेबांचं नाव घेऊन धमकी देतो. हा आवाज बिल्लेकरांनी स्वतःचाच दिला होता, आणि त्यात सदाशिव पेठेची आख्खी पुण्याई उतरली होती. खेळ घाईत केलेला, पॉइंटची जोडणी व्हायची राहिलेली. चुकलं तरी कुठे नोंद नाही, बरोबर आलं तरी कुठे नाव नाही. पोरं जेवणाच्या सुट्टीत डबा उघडा ठेवून हा खेळ खेळायची. मुद्दाम चुकून बिल्लेकरांच्या शिव्या ऐकायची आणि त्या नादात बरोबर उत्तरंही शिकायची. हे बिल्लेकरांच्या कानावर गेलं. ते भारावले. पंधरा दिवसांत त्यांनी त्याला पॉइंट, वेळेची मर्यादा आणि टीव्हीवर जागा दिली. महिनाअखेरीला तो खेळ कुणीही उघडत नव्हतं, आणि न उघडणाऱ्यांना ईमेल जात होते.

तीन मानसशास्त्रज्ञांनी स्टॅनफर्डमधल्या बालवाडीत हेच पाहिलं होतं; 1973 साली ते छापून आलं. मुलं आपणहून रंगीत पेनांनी चित्रं काढत होती. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढा, सोनेरी चांदणीचं प्रशस्तिपत्रक मिळेल. मिळालंही. मग काही दिवसांनी पाहिलं तर त्या मुलांनी स्वतःहून चित्रं काढण्यात घालवलेला वेळ इतरांच्या जवळपास निम्मा. मी हा कागद बिल्लेकरांना नेऊन दिला. त्यांनी मन लावून वाचला आणि विचारलं, 'चांदणी कितीची होती? फक्त एकच?' गार्टनर या सल्लागार कंपनीने 2012 मध्ये वर्तवलं होतं की अशा खेळांपैकी 80 टक्के दोन वर्षांत फसतील, तेही मुख्यतः रचना वाईट म्हणून. हेही त्यांना माहीत होतं. 'म्हणजे 20 टक्के जमणार. तेच आपण.' या माणसाला निराश करणं कुणाच्या बापाला जमायचं नाही.

कुणाला वाटेल, हा माणूस ढोंगी असेल, वरच्यांसाठी आमच्याकडून काम काढून घेत असेल. मुळीच नाही. बिल्लेकर स्वतः सर्वांत निष्ठावान खेळाडू आहेत. मनगटावरच्या घड्याळाने सांगितलेली पावलं पुरी होईपर्यंत ते रात्री पावणेबाराला सोसायटीच्या पार्किंगमध्ये फेऱ्या मारतात. वॉचमनही आता उठून उभा राहत नाही. एकदा अर्ध्या फेरीत घड्याळाची बॅटरी गेली, तर ते होते तिथून घरी वळले. मोजलंच जाणार नसेल तर चालायचं कशाला? घरी फ्रिजवर कामांचा तक्ता आहे: दूध आणणं पाच, भांडी लावणं दहा. सध्या पहिल्या क्रमांकावर वहिनी आहेत आणि दुसऱ्यावर कुणीच नाही.

आता आगीची गोष्ट. सुरक्षेचं प्रशिक्षण बिल्लेकरांनी मोबाइलवर आणलं होतं: 'ज्वाला-योद्धा'. पडद्यावर आग दिसली की बोट घासायचं, विझते. आमच्या मजल्यावर बहुतेक सगळे सुवर्ण-योद्धे झाले. आणि एका दुपारी पॅन्ट्रीतला मायक्रोवेव्ह खरोखरच पेटला. कुणीतरी आत पावभाजीचा डबा चमच्यासकट ठेवला होता. धूर, ठिणग्या, आरडाओरडा. सुवर्ण-योद्ध्यांपैकी दोघांनी व्हिडिओ काढला, एकाने पाण्याची बाटली उगारली, ती अकाउंट्सच्या मॅडमनी हिसकावून घेतली. तेवढ्यात पॅन्ट्रीतले तात्या आले. आधी त्यांनी भिंतीवरचा मेन स्विच खाली पाडला. मग लाल सिलिंडर उतरवला, पिन ओढली, नळी आगीच्या बुडाशी धरली, दांडी दाबली आणि डावीकडून उजवीकडे फवारा फिरवला. आग विझली. मग त्यांनी चहाचं पातेलं झाकलं, कारण भुकटी उडत होती.

बिल्लेकर धावत आले. डोळ्यांत पाणी होतं, थोडं धुराचंही असेल. 'तात्या, तुम्हाला पाचशे पॉइंट! नाही, हजार!' त्यांनी फोन काढला आणि अडकले. तात्या कंत्राटी. कंत्राटी माणसाला एम्प्लॉयी कोड नसतो आणि कोडशिवाय अ‍ॅप कुणाला ओळखत नाही. बिल्लेकरांनी अर्धा तास हेल्पडेस्कशी भांडण केलं. इतकं तळमळून बोलताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं; त्या क्षणी मला तो माणूस मनापासून आवडला. शेवटी त्यांनी स्वतःच्या पट्टीवरचा सर्वांत मोठा बिल्ला काढला आणि तात्यांच्या खिशाला लावला.

तात्यांनी तो उलटसुलट करून पाहिला. 'बरा आहे, साहेब. पण तेवढा सिलिंडर भरून आणायला सांगा. आतलं सगळं संपलंय.'

'ऑन इट!' म्हणत बिल्लेकर जागेवर गेले. संध्याकाळी सगळ्यांच्या फोनवर नवं मिशन आलं: 'रिफिल क्वेस्ट, 200 पॉइंट.' पहिल्या तासात एकतीस जणांनी 'मी तयार' हे बटण दाबलं, त्याचेही प्रत्येकी पाच पॉइंट होते. सिलिंडर अजून तात्यांच्या मोरीजवळ उभा आहे. ते त्यावर पोछा वाळत घालतात.