स्लो कुकर: जुना घ्यावा की नवा?

(अमेरिकेतील मराठी कुटुंबांसाठी मार्गदर्शक सूचना)

गराज सेलमध्ये स्लो कुकर दिसल्यास प्रथम रंग पाहावा. शेवाळी हिरवा, मोहरीसारखा पिवळा किंवा भडक नारिंगी असेल, तर माल अस्सल सत्तरीतला समजावा. नंतर आतले भांडे उचलून पाहावे. उचलले गेले नाही, तर तो बहुधा १९७४ पूर्वीचा. सुटे भांडे त्या साली आले. असा कुकर धुताना वायर खांद्यावर टाकावी आणि एका हाताने मान सावरत, तान्ह्या बाळाला न्हाऊ घालावे तसे, पाणी फक्त आतच जाईल असे पाहावे. हे जमणार नसेल तर नवाच घ्यावा.

पाहुण्यांना सांगण्यापुरते घराणे पाठ असू द्यावे. शिकागोच्या आयर्व्हिंग नॅक्सन यांना १९४० मध्ये पेटंट मिळाले. प्रेरणा आईकडून ऐकलेल्या गोष्टीची: लिथुआनियात ज्यू घरांतून शब्बाथच्या आदल्या संध्याकाळी चोलंट या मंद शिजणाऱ्या रश्श्याचे भांडे बेकरीच्या निवत्या भट्टीत ठेवत. रायव्हल कंपनीने १९७१ मध्ये त्याचेच 'क्रॉक-पॉट' केले.

नव्या कुकरला पडदा, टायमर, क्वचित वायफायही असते. ऑफिसात बसून रश्श्याची विचारपूस करता येते. मीठ घालायचे राहिले असल्यास मात्र ॲप काही करू शकत नाही. क्षणभर वीज गेली की बरेच बटणवाले कुकर सगळे विसरून गप्प बसतात. जुना खटकेवाला वीज येताच काही घडलेच नाही अशा थाटात पुन्हा तापू लागतो. मध्ये किती वेळ गेला, हे तोही सांगत नाही.

नव्याचा खरा दोष म्हणजे त्याला घाई फार. 'लो' आणि 'हाय' पाहून भुलू नये: क्रॉक-पॉटवाल्यांच्याच म्हणण्याप्रमाणे दोन्ही शेवटी ९८ अंश सेल्सिअसच्या आसपास पोचतात, फरक फक्त वेळेचा. म्हणून जुन्या पुस्तकातले 'लोवर दहा तास' नव्यात पाळले, तर मटणाचे दोरे होतात.

घरात वाद पेटल्यास कुकर अर्ध्याहून थोडा अधिक पाण्याने भरून 'लो'वर आठ तास ठेवावा आणि झाकण काढताक्षणी थर्मामीटर बुडवावा. ८५ ते ९३ अंश आल्यास प्रकृती उत्तम. त्याहून कमी आल्यास कुकरात मनीप्लांट लावावा. जास्त आल्यास जेवायला लवकर बसावे. एरवी 'शिजलं का?' म्हणत झाकण उचलणाऱ्यास प्रत्येक वेळी वीस मिनिटे दंड. हा दंड कुकरच वसूल करतो.

राजमा मात्र कोणत्याही कुकरात थेट टाकू नये. हे गमतीने लिहिलेले नाही. त्यातले विषारी लेक्टिन मंद आचेवर नष्ट होत नाही, उलट अर्धवट तापलेला राजमा कच्च्याहून अधिक बाधू शकतो. रात्रभर भिजवून, ते पाणी फेकून, आधी गॅसवर खळखळून उकळावा. अमेरिकेचे अन्न व औषध प्रशासन तीस मिनिटे सांगते. या वेळी शिट्टीवाल्या प्रेशर कुकरकडे नजर जाईल. मोह आवरावा. नाहीतर राजमा शिजून जाईल आणि उरलेल्या सात तासांचे काय करायचे, हा प्रश्न उभा राहील.